तरंगलेलं बियाणं

मी यादीशिवाय कामाला हात लावत नाही. गेल्या जूनमध्ये पऱ्हे टाकायच्या, म्हणजे धानाची रोपं तयार करायला बी पेरायच्या, आदल्या दिवशी यादीत चार कामं होती. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवणे. त्यात बियाणं सोडणे. तरंगलेले पोचट दाणे काढून टाकणे. बुडालेले धुऊन सावलीत वाळवणे.

बियाणं घरचं होतं. सासऱ्यांनी वर्षानुवर्षं राखलेलं बारीक, वासाचं धान. इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी आल्यापासून गावानं नवी वाणं धरली. हे आता फक्त आमच्याकडे, तेही एक लहान पोतं. संपलं तर दुकानात मिळणार नाही.

पाणी उडू नये म्हणून मी धान मुठीमुठीनं, अगदी अलगद सोडलं. अर्ध्याहून जास्त तरंगलं. वाईट वाटलं, पण चाळणीनं गोळा करून अंगणात कोंबड्यांपुढे टाकलं. दुसऱ्या खेपेलाही तेच.

तेवढ्यात शेजारच्या घरातून माझ्या थोरल्या जाऊबाई आल्या.

"काऊन वं, कोंबड्यांचं लगन हाये का आज?"

"पोचट आहे, बाई. वर आलं."

"येवढं पोचट? दाताखाली धरून पाह्यलं का?"

नव्हतं पाहिलं. यादीत नव्हतं. त्यांनी एक दाणा फोडला. आत भरलेला तांदूळ. मग बादलीत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी सगळं ढवळलं. तरंगणारं बहुतेक धान खाली बसलं.

"कोरडं धान हाये. त्याले बुडवा लागते. तू त पाण्यावर निजवून राहिली!"

मी आधी कोंबड्या हाकलल्या, राहिलेले दाणे वेचले. पण डोक्यातून जाईना. जड दाणा तरंगतो कसा? स्टीलच्या पेल्यात साधं पाणी घेऊन एक कोरडा दाणा अलगद ठेवला. तरंगला. वाकून पाहिलं, तर त्याच्याभोवती पाणी किंचित दबलं होतं, ताणून धरलेल्या चादरीवर वाटी ठेवावी तसं. बोटानं दाबला, टरफलाच्या लवेला चिकटलेला एक चकचकीत बुडबुडा सुटला आणि दाणा तळाला गेला. तोच ओला दाणा पुन्हा सोडला, सरळ बुडाला. मग शिवणाची सुई ठेवून पाहिली. तीही तरंगली! भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला आणि सुई खाली. पाण्यावर साय नसते, तरी ते साय असल्यासारखं वागतं आणि साबणानं ती फाटते.

"झालं का खेळून?" जाऊबाई म्हणाल्या. "बी पाह्य किती उरलं ते."

आमच्या चार बांध्यांपैकी, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांपैकी, दोनच बांध्यांपुरतं उरलं होतं. ते नीट ढवळून, धुऊन पेरलं आणि चांगलं उगवलं. बाकी दोन बांध्यांत दुसरं धान लावलं. त्या वर्षी वासाचा भात घरात एकदाही शिजला नाही. पुन्हा एकाच लहान पोत्यावर वेळ येऊ नये म्हणून पिकलं तेवढं सगळं आम्ही बियाण्यासाठी ठेवलं.