तानपुरा ऐकू येईना

नांदेडला माझं स्पीकर-अँप्लिफायरचं दुकान आहे. गिऱ्हाईक दुकानात सेट ऐकतं, मान डोलावतं आणि विचारतं, "इथं लई भारी वाजायलंय, पण आमच्या घरी असं वाजंल का?" या एका प्रश्नापायी माझे कितीतरी सौदे मोडले. म्हणून मी ठरवलं, सेट घरी नेऊन लावून द्यायचा. आठ दिवस ऐका, पसंत पडला तर ठेवा, नाहीतर मी परत नेते.

पहिल्याच महिन्यात हिमायतनगरला दिलेला सेट कुणाच्या तरी हळदीत वाजून परत आला. स्पीकरच्या जाळीत हळद बसलेली. विष्णुपुरीच्या एका साहेबांनी आठही दिवस मनसोक्त ऐकलं, मग तसाच सेट ऑनलाइन मागवला आणि वायरी कशा जोडायच्या ते मलाच फोन करून विचारलं. मी सांगितलंही. चिडचिड व्हायची, पण वाटायचं, एखादा खरा ऐकणारा भेटेल.

तो लातूरला भेटला. निवृत्त प्राध्यापक होते. शास्त्रीय गायन ऐकण्यात जन्म गेलेला. फोनवर ते इतकं छान बोलले की मी दुसऱ्याच दिवशी गाडीत खोकी भरून निघाले. त्यांच्या बैठकीत सोफा सरकवला, पडदे ओढले, टेप लावून अंतरं मोजली. सर डोळे मिटून बसले. पाच मिनिटांनी म्हणाले, "गळा चांगला येतोय, पण मागचा तानपुरा कुठंय?"

मला तर स्वच्छ ऐकू येत होता. तरी स्पीकर पुढं घेतले, मागं घेतले. सरांची मान नकारार्थीच हलली. आठ दिवसांनी फोनवरही तेच, "मॅडम, आवाज मोकळा नाही."

मी स्पीकरची दुसरी जोडी घेऊन पुन्हा लातूर गाठलं. तरी तानपुरा नाहीच. परत आणलेली पहिली जोडी मी मेकॅनिककडून उघडून तपासून घेतली. तो म्हणाला, "ताई, ह्यात काहीच बिघाड न्हाई." मग मला माझ्याच कानांची शंका येऊ लागली. जेवता जेवता मी नवऱ्याला विचारायचे, "तुम्हाला हा आवाज दबलेला वाटतो का हो?"

तिसऱ्या खेपेला दुकानातला सगळ्यात भारी अँप्लिफायर नेला. सर ऐकत होते, मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. तेवढ्यात सरांच्या पत्नी, काकू, दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मला तर समदं ऐकू यायलंय," त्या म्हणाल्या. "ह्यांना आजकाल दारावरची बेल बी ऐकू येत न्हाई. मीच पळत जाते."

मी गाणं थांबवलं. तीन खेपांचा उलगडा एका वाक्यात झाला. आधी का नाही सुचलं, याचाच राग आला. शब्द जुळवत म्हणाले, "सर, राग मानू नका. एकदा कान तपासून घेता का? वयाबरोबर बारीक आवाज ऐकू येणं कमी होतं."

सर ताडकन उठले. "तुमचा माल चालेना म्हणून माझे कान खराब? चाळीस वर्षं ऐकतोय मी! उचला हे सगळं."

मी उचललं. अँप्लिफायर जड होता, जिना अरुंद. काकू खाली गाडीपर्यंत आल्या. परतीच्या वाटेवर मी एकटीच गाडीत मोठमोठ्यानं भांडत होते. सरांना जे जे सुनावायचं राहिलं होतं, ते सगळं मी रस्त्याला सुनावलं.

तीन आठवड्यांनी काकूंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "ताई, ह्यांनी कानाला मशीन बसवली! समदं ऐकू यायलंय. घरातल्या जुन्या टेपवरच तानपुरा ऐकतात अन् डोळ्यातून पाणी काढतात."

"अरे वा, काकू! आणि सेट?"

"ते म्हणतात, आता नव्या सेटची गरजच न्हाई."

सर शेजारीच असावेत. मला त्यांचा खाकरण्याचा आवाज आला. मी थांबले. ते दोन शब्द बोलतील असं वाटलं. बोलले नाहीत.

मी काकूंचं अभिनंदन केलं. ते खोटं नव्हतं. फोन ठेवल्यावर नवऱ्यानं विचारलं, काय झालं. मी सांगितलं तसा तो पोट धरून हसला. म्हणाला, "एवढ्या खेपा घालून तू डॉक्टरला गिऱ्हाईक मिळवून दिलंस!"

मला हसू आलं नाही. अजूनही नीटसं येत नाही. त्या माणसाचं ऐकणं परत आलं, याचं बरं वाटतं. पण 'तुमचं बरोबर होतं', एवढं एक वाक्य त्यांनी बोलायला काय हरकत होती?