चार्जर मुद्दाम घरी ठेवला

मी डूख धरणारी बाई आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागून कुणी बोलायला नको. कर्नाटकातल्या बसवकल्याणच्या एका लॅपटॉप दुरुस्तीवाल्यानं भर दुकानात मला एक वाक्य ऐकवलं, आणि पुढचे नऊ दिवस मी भाकरी थापताना, भांडी घासताना, पोरांना गुणाकार शिकवताना त्याचाच पाणउतारा मनात रचत होते.

झालं असं. मी तिथून जवळच्या मुडबी गावात राहते आणि घरात बसून पुण्याच्या एका क्लासची चौथी-पाचवीची पोरं लॅपटॉपवर शिकवते. लग्नानंतरचं हे माझं पहिलं काम, त्यामुळं जिवापाड जपलेलं. लाईट असली की लॅपटॉप गुमान चालायचा. लाईट गेली, मशीन बॅटरीवर आलं, की दोन-तीन मिनिटांत सगळं गोठायचं. बाण हलायचा न्हाई, आवाज तुटायचा, माझं तोंड तिकडं अर्धवट उघडं दिसायचं आणि पोरं खिदळायची. लाईट आली की काही झालंच न्हाई असं परत सुरू. आणि आमच्याकडं लाईट दिवसातून किती वेळा जाते ते पुण्यात बसून कुणाला कळणार? दोनदा तास मध्येच तुटला. क्लासच्या मॅडमनी गोड आवाजात सांगितलं, आणखी एकदा असं झालं तर त्यांना दुसरी शिक्षिका बघावी लागेल.

मी हातावर हात ठेवून बसले न्हवते. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून डोळे चुरचुरले. बॅटरी वाचवायची सेटिंग बंद केली. स्क्रीनचा उजेड कमी केला. जुने ड्रायव्हर काढून नवे टाकले. सगळं मशीन पुसून विंडोज पहिल्यापासून बसवलं. फरक शून्य. मग गाठलं दुकान.

त्या दुकानात एक रीत होती. कुठलंही मशीन काउंटरवर आलं की पहिल्यांदा त्याला चार्जर लावायचा, मग बटण दाबायचं. लावलं, दाबलं, चाललं. मी म्हणलं, अण्णा, चार्जर काढून बघा, बॅटरीवरच अडकतंय. त्यानं ऐकलंच न्हाई. तीन चकरा झाल्या. तिसऱ्या वेळी पाच-सहा गिऱ्हाइकांपुढं तो म्हणला, “अक्का, मशीन एक नंबर हाय. चालवणाऱ्याला यायला पाहिजे न्हवं.”

लोक हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मी ठरवलं. बाजाराचा दिवस धरायचा, दुकानात पाय ठेवायला जागा नसते तेव्हा जायचं. चार्जर मुद्दाम घरी ठेवायचा. लॅपटॉप चालू करूनच काउंटरवर ठेवायचा आणि त्याला दुकानातल्या चार्जरलाही हात लावू द्यायचा न्हाई. बोलायची वाक्यंसुद्धा पाठ केली होती. माझ्या सासऱ्यांना, अप्पांना, हे सांगितलं तर ते आधीच टोपी घालून तयार. डूख धरण्यात ते माझ्या वरचढ. म्हणले, “माझ्या सुनेला कामून बोललाय ते मला बघायचंय.” खरं म्हणजे मीच त्यांना चेव आणला होता. दुकानदाराचं वाक्य त्यांना रोज थोडं वाढवून सांगत होते.

दुकान भरलेलं होतं. मी गर्दीतून पुढं घुसले आणि दारातच चालू केलेला लॅपटॉप काउंटरवर ठेवला. त्याचा हात चार्जरकडं गेला तसा मी तो हात धरला म्हणलं तरी चालेल. म्हणलं, आता पाच मिनिटं नुसतं बघा. सगळे बघायला लागले. दुसऱ्या मिनिटाला बाण थांबला. त्यानं कळफलक बडवला, काही हलेना. मी मागं वळून लोकांना विचारलं, की आता कुणाला चालवता येत न्हाई ते सांगा. हसले सगळे. दुकानदाराचे कान लाल झाले. देवा, काय गार वाटलं जिवाला.

त्यानं लॅपटॉप उलटा केला, दोन खटके सरकवले आणि बॅटरी बाहेर काढली. उजेडात धरली. बॅटरीवर तीन आडव्या पांढऱ्या रेघा होत्या, आणि त्यांचा ओघळ वाळून टोकाच्या पितळी पट्ट्यांवर घट्ट बसला होता. या पट्ट्यांतूनच बॅटरी मशीनशी बोलते, तो सांगत होता, इथं घाण बसली की मशीन विचारत राहतं आणि अडकतं. मग मेलेला उंदीर धरावा तशी दोन बोटांत बॅटरी धरून त्यानं सगळ्यांना दाखवली. “अक्का, बॅटरीला विभूती कोण लावलंय?”

मला तिथंच कळलं. खंडेनवमीला आमच्याकडं कामाची सगळी हत्यारं पुजतात. अप्पांची पद्धत अशी, की ज्याचे भाग सुटतात ते सगळे सोडायचे आणि भाग-भाग पुजायचा. पंपाचं झाकणसुद्धा काढतात. मागच्या नवमीला ते पुजत होते तेव्हा मी चुलीपुढं पोळ्या करत होते.

मी म्हणलं, “मी लावलं.”

दुकान खो-खो हसलं. दुकानदार तर डोळे पुसायला लागला. तेवढ्यात अप्पा पुढं आले. ते कन्नडमधून बोलले, सावकाश. मराठीत सांगायचं तर एवढंच, “मी लावलोय. माझी सून त्याच्यावर लेकरं शिकवती. ते आमच्या घरातलं हत्यार हाय. हसायचं तर माझ्याकडं बघून हसा.”

हसू थांबलं. दुकानदारानं मान खाली घातली, स्पिरिट घेतलं आणि बारीक ब्रशनं पट्ट्या घासायला लागला. मी त्याची खाली गेलेली मान मनसोक्त बघितली, खोटं कशाला बोलू. मग अप्पांकडं बघितलं. त्यांचीही मान खालीच होती. गावात कुणापुढं न वाकलेला माणूस, त्याला मी स्वतः हाताला धरून तिथं नेलं होतं.

माझं शिकवायचं काम टिकलं. पुढच्याच तासाला लाईट गेली आणि पोरांना पत्तासुद्धा लागला न्हाई. माझ्या मनातला दुकानदाराचा राग मात्र जात न्हाई. त्याच्या त्या दोन बोटांचा तर मुळीच न्हाई.

यंदा खंडेनवमीला अप्पांनी कुळव, कोयते, पंप, माझी शिलाई मशीनसुद्धा पुजली. लॅपटॉप मी स्वतः पाटावर आणून ठेवला. त्यांनी विभूतीचं बोट मागं घेतलं.

“नको माय,” म्हणले, “तुझं काम बिघडंल.”