सातेरीपुढचं अर्धं गाऱ्हाणं

कट्ट्याची बाजारपेठ मागे पडून बराच वेळ झाला, तरी भिकाजीकाका तोंड उघडेनात. एसटी चुकली म्हणून दोघं सातेरीच्या देवळाकडे चालत निघाली होती. काकांच्या काखेत नारळ होता आणि शाळेत शिकवणाऱ्या भार्गवीच्या मनात एक काम. जत्रेच्या स्मरणिकेत गावच्या टेनिस-बॉल क्रिकेट संघाचा इतिहास तिला लिहायचा होता, आणि तो काकांखेरीज सांगणार कोण?

"काका, सुरुवात कशी झाली ता तरी सांगा."

"रापणीतसून," काका म्हणाले. "अठ्ठ्याण्णव साली. जाळा ओढून झाला की वाळयेर टेनिसचो चेंडू नि माडाच्या पिड्याची बॅट."

सगळी वाडी मिळून किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढायची. त्या ओढणाऱ्यांतूनच काकांनी 'सातेरी इलेव्हन' उभी केली. बक्षिसाचा बोकड मिळाला तर त्याचे वाटेही रापणीच्या मासळीसारखेच सारखे पडत. खेळणाऱ्याला जेवढा, तेवढाच माडांत गेलेला चेंडू शोधून आणणाऱ्या हौसाबाईला. आणि सामन्याआधी काका नारळ ठेवून देवी सातेरीला गाऱ्हाणं घालत. वाक्यावाक्याला अकराजण एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणत. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं देवीपर्यंत पोचत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. बायको गेली त्या वर्षीसुद्धा सुतक फिटताच काका मैदानावर होते. एकुलता एक विकी त्यांच्याच हाताखाली गोलंदाज झाला.

मग गेल्या वर्षी मालवणचे हरिश्चंद्रशेठ आले. टीव्हीवर मालकांचे संघ बघून त्यांनाही एक हवासा झाला होता. संघ घेतला, देवीचं नाव काढून 'शार्क्स' ठेवलं, रापणीची पोरं काढून बाहेरचे पगारी खेळाडू आणले. जुन्यांतला एकटा विकी राहिला.

पुढचं गावानं भार्गवीला चवीनं सांगितलं होतं. काकांच्या तोंडून ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

शेठच्या स्पर्धेच्या उद्घाटनाला गाऱ्हाणं घाला, असा निरोप आला तेव्हा काका हरखले. नवं धोतर नेसून गेले. "आता थोडी गंमत!" म्हणत निवेदकानं त्यांच्या हातात माईक दिला. काका म्हणाले, "बाय सातेरी, म्हाराजा..." आणि शिट्ट्या आल्या. दुसऱ्या वाक्याला कोणी मांजराचा आवाज काढला. शेठचा एक पाहुणा बॅट घेऊन उठला, "विकी, तो नारळ टाक बघू!"

विकीनं बापापुढचा नारळ उचलला, चार पावलं धावला आणि टाकला. पाहुण्यानं टोलवला. करवंटीचे तुकडे काकांच्या धोतरावर उडाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अरे भिकाजी, नारळ फुटल्याशी मतलब," शेठ म्हणाले. "कोणी फोडलो ता कशाक बघतस?"

भार्गवीनं विचारलं, "विकी घराक येता?"

"येता मगे. रोज जेवता. मी वाढतंय, नि त्येच्या उजव्या हाताकडे बघतंय."

देऊळ आलं. आत कोणी नव्हतं. काकांनी देवीपुढे नारळ ठेवला.

"नवस फेडूचो आसा काय?"

"नाय गो. ता गाऱ्हाणा अर्धाच रवला मा, ता पुरा करतलंय. ज्या हातान तुझो नारळ टाकलो, तो हात परत चेंडू टाकूक उठा नये, इतक्याच मागतलंय."

भार्गवी म्हणाली, "काका, पोटचो झिल तो तुमचो!"

"म्हणानच गावात कोण माझ्यावांगडा येवक तयार नाय. तुका संघाचो इतिहास होयो मा? मग शेवटाक उभी रव."

समई तेवत होती. रोज सांजवेळी भार्गवी ह्याच देवीकडे गावातल्या सगळ्या पोरांचं बरं मागायची. शाळेत तिच्या हाताखालून गेलेल्या विकीचंही. काकांनी हात जोडले. मैदानभर घुमणारा त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"भार्गवी, मी बोलतंय. तू निस्ता 'व्हय म्हाराजा' म्हण गो."