भरल्या जीपचे पाटे

वेलायुधनला कुंचेरियाची ओळख होती ती त्याच्या जीपच्या खालच्या बाजूने. माणूस ब्रेक उशिरा दाबतो की लवकर, चिखलात चिडतो की थांबतो, हे जीपखाली उताणं पडलं की कळतं. पण घरी गेल्यावर तो काय बोलतो, एकुलती एक मुलगी मंगळूरला नांदायला गेली त्याचं त्याला काय वाटतं, ते तिथून दिसत नाही. कल्लुमेडूच्या फाट्यावर वेलायुधनची भट्टी होती, गाड्यांचे पाटे म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या तापवून बाक द्यायची, आणि उमेदीच्या काळापासून कुंचेरिया तिथेच गाडी लावत आला होता; तो वेलायुधनला आशान, म्हणजे उस्ताद, म्हणायचा आणि वेलायुधन त्याला चेट्टा, म्हणजे दादा. तरी कुंचेरियाच्या दफनाच्या दिवशी चर्चबाहेर कुणीतरी विचारलं, "आशान, तुमचा तर जुना दोस्त. स्वभावाने कसा होता हो?" तर "गाडी नीट ठेवायचा," एवढंच वेलायुधन म्हणाला, आणि आपण हे काय बोललो म्हणून दिवसभर ओशाळत राहिला.

गाडी मात्र तो खरंच नीट ठेवायचा. आखूड जीप, मागची चाकं जवळजवळ सीटखालीच. त्या डोंगरातल्या वळणांना असली आखूड गाडीच लागते, लांब गाडी तिथे अर्ध्यावरच अडकते. कुंचेरियाचा बाप जंगल तोडून वेलची लावायला वर आला त्या लोकांपैकी. मुलाला मळ्यापेक्षा चाकाचा नाद. सकाळी फाट्यावर येऊन तो हॉर्न वाजवायचा, आणि गाडी दाटीवाटीने भरल्याशिवाय हलवायचा नाही. त्यात लोभ नव्हता. कल्लुमेडूत रिकामी जीप खाली नेणं बरं दिसत नाही. कुणाला दवाखान्यात जायचं असतं, कुणाला वेलचीची पोती पोचवायची असतात. रिकामा गेला तर लोक म्हणणार, याचं कुणाशी तरी बिनसलंय.

वाटेत आनप्पारा लागायचा. हत्तीच्या पाठीसारखा गुळगुळीत खडक, आणि त्याच्या पुढे एकदम खाली उतरलेली पायरी. तिथे जीप थांबायची, सगळे न सांगता उतरायचे, हलकी झालेली गाडी कुंचेरिया अलगद पायरीवरून उतरवायचा आणि पुढे जाऊन थांबायचा. मग पुन्हा चढायचं. माहेरपणाला आलेल्या लेकीबाळीसुद्धा तिथे आपसूक उतरायच्या.

मग एका पावसाळ्यात दरड आली आणि पायरीखालची माती घेऊन गेली. आता रिकामी गाडीसुद्धा पोटावर आपटायला लागली. असा धक्का बसायचा की दात वाजायचे. आणि त्याच पावसाळ्यात कुंचेरियाच्या बायकोच्या, त्रेस्याम्माच्या, पाठीचं दुखणं हाडांतलं निघालं. दर आठवड्याला खाली शहरात उपचाराला न्यायचं होतं. डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. तिला हिसके बसू द्यायचे नाहीत. आनप्पाराला उतरून चालायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

पहिल्याच खेपेला पायरीवर गाडी आपटली तेव्हा ती ओरडली. कुंचेरियाने तसला आवाज लग्न झाल्यापासून कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो भट्टीपाशी आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "आशान, गाडी उंच करायची."

"किती?"

"तिला कळणार नाही इतकी."

शहरात गॅरेजमध्ये काम करणारा त्याचा भाचा रॉयिच्चन सोबत होता. त्याने मोबाइल पुढे केला. "आशान, हे बघा. चार इंच उचलायचं तयार किट. पाटे, शॉकअप, सगळं एका खोक्यात. लाल रंगाचं."

"लाल रंगाने उंची वाढते होय?" वेलायुधन म्हणाला.

"थट्टा नको हो. शर्यतीतल्या गाड्यांना हेच बसवतात."

"शर्यतीत बायकोला दवाखान्यात नेत नाहीत रे." वेलायुधनने हातातला पाना खाली ठेवला. असं सरळ बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो कुंचेरियाकडे न बघता जीपकडे बघत म्हणाला, "चेट्टा, गाडी आखूड आहे. चार इंच उचलली तर मधला शाफ्ट शिडीसारखा उभा राहील, सांधे खाऊन टाकील. शिवाय तिरक्या उतारावर गाडी डोलेल. पाट्याच्या टोकाला लांब शॅकल लावून उचलणं सोपं आहे, पण मग स्टिअरिंग भटकतं. दोन इंच पुरे. जुने पाटे बसलेत, त्यांना बाक देतो आणि एकेक पाटा वाढवतो."

"दोन इंचांत पोट सुटेल?"

"सुटेल. त्या पायरीपाशी वाकून मीही बघितलंय."

त्रेस्याम्मा जीपच्या पुढच्या सीटवर उशीला टेकून बसली होती. ती आतून म्हणाली, "उंच करा, पण मला चढायला शिडी लावायची वेळ आणू नका. लग्नात हाच माणूस मला उचलून घेणार होता. लाजला. आता कुठला उचलतोय!"

कुंचेरिया कानापर्यंत लाल झाला. त्याने दुसऱ्या दिवशी येताना फणसाच्या लाकडाचं एक ठेंगणं स्टूल करून आणलं आणि सीटखाली ठेवलं.

वेलायुधनने पाटे तापवले, बाक दिला, पाणी दिलं, वाढीव पाटे चढवले. मग रीतीप्रमाणे गाडीची परीक्षा झाली. त्या भागात पाट्यांचं काम झालं की गाडी भरून बघतात. पोती टाकतात, वर माणसं चढवतात, आणि भरल्या गाडीचा पाटा सरळ रेषेत आला की काम पास. टपरीवाली पोन्नम्मा मागच्या फळकुटावर बसली तेव्हा गाडी चांगलीच दबली.

"दोन पोती कमी टाका रे, पोन्नम्मा आली," कुणीतरी ओरडलं.

"उद्यापासून चहात साखर कमी टाकते, मग बघू कोण हसतं," ती म्हणाली.

सगळ्यांना घेऊन जीप आनप्पारापर्यंत गेली आणि आली. भरल्या गाडीने पायरी घेतली तरी पोट टेकलं नाही. वेलायुधनला त्या दिवशी जेवण गोड लागलं. बायकोने उकडलेला कप्पा कंद आणि मत्ती माशाचं कालवण केलं होतं. त्याने दुसऱ्यांदा मागून घेतलं.

खरी खेप आली तेव्हा जीपमध्ये कुंचेरिया आणि त्रेस्याम्मा दोघंच होती. आजारी माणसाला दाटी नको, म्हणून त्याने फाट्यावर हॉर्न वाजवलाच नाही. आनप्पाराची पायरी गाडीने मांजरीसारखी ओलांडली. पण बाकीच्या वाटेवर, जिथे पूर्वी काही जाणवायचंही नाही, तिथे प्रत्येक दगड सीटमधून वर येऊ लागला. पाटे कसलेले होते, आणि त्यांना दाबायला वर वजनच नव्हतं. रिकाम्या गाडीसाठी पाटा कसा लावायचा हे कल्लुमेडूत कुणी कधी बघितलंच नव्हतं, कारण रिकामी गाडी तिथे कुणी चालवतच नव्हतं. त्रेस्याम्मा ओरडली नाही. खाली पोचल्यावर तिने पदर तोंडातून काढला तेव्हा त्यावर रक्त होतं. ओठ चावला होता.

येताना बाजारात पोन्नम्मा भेटली. सोबत गावातली आणखी माणसं होती, सामानाच्या पिशव्या होत्या. कुंचेरिया त्यांना नाही म्हणू शकला नाही. सगळे मागे बसले. घरी पोचल्यावर त्रेस्याम्मा म्हणाली, "जाताना एकेक हाड मोजून घेतलं. येताना काय केलंत? गादीवरून आल्यासारखं वाटलं."

हे वेलायुधनच्या कानावर आलं तेव्हा तो भट्टी तशीच सोडून निघाला. थेट कुंचेरियाच्या घरी गेला. "वाढवलेला पाटा काढतो," तो म्हणाला.

"मग पोट आपटेल."

"आपटेल. पण पातळ पाट्यांच्या मऊ कमानी मिळतात. उंची तेवढीच, पण अंगाला लागत नाहीत. कोइम्बतूरला एक जण करून देतो. पण त्याच्याकडे कामाची रांग आहे, वेळ लागेल. तोवर..."

तोवरचं उत्तर पोन्नम्माने दिलं. पुढच्या खेपेच्या सकाळी कुंचेरियाने हॉर्न वाजवला नाही, तरी ती फाट्यावर उभी होती. "सरका," ती म्हणाली आणि मागे चढली. "माझं काही काम नाही खाली. वजन म्हणून चाललेय. गावभर चेष्टा होते माझ्या वजनाची, एकदा तरी कामाला येऊ दे." तिच्यामागून आणखी माणसं चढली. ज्याला काम होतं तो चढला, ज्याला नव्हतं तोही चढला.

मग दर आठवड्याला तसंच होत गेलं. भरलेली जीप सावकाश उतरायची. आनप्पाराला सगळे उतरायचे, कारण उतरायची सवय होती, आणि त्रेस्याम्मा एकटी वर बसून राहायची, राणीसारखी. "चाला, चाला," ती खिडकीतून म्हणायची, "तब्येतीला बरं असतं." शहरात ती उपचाराला आत गेली की मंडळी दवाखान्याच्या आवारात डबे सोडून बसायची, आणि ती बाहेर आली की पुन्हा गाडीत. कधी माणसं कमी पडली तर वेलायुधन भट्टी बंद करून जायचा. मागे कोपऱ्यात अंग चोरून बसायचा, वाटभर पाट्यांचा आवाज ऐकत राहायचा. भरल्या गाडीचे पाटे छान बोलत होते, हे त्यालाही कबूल करावं लागे.

आभार मानायचा कुंचेरियाचा स्वभाव नव्हता, की ते त्याला जमत नव्हतं, कोण जाणे. फक्त मागच्या फळकुटावर एके दिवशी जाड गोधडी घातलेली दिसली.

ख्रिसमस सरल्यावर एका खेपेला त्रेस्याम्मा आत गेली ती बाहेर आली नाही. डॉक्टर येऊन कुंचेरियाशी बोलले. रुग्णवाहिका डांबरी रस्ता संपतो तिथपर्यंतच येणार होती. कुंचेरिया म्हणाला, "माझी गाडी आहे."

मागची फळकुटं उचलून मधे जागा केली. तिला तिथे ठेवलं, गोधडी घालून. मग कुंचेरिया चाकापाशी जाऊन बसला आणि गाडी सुरू न करता तसाच राहिला. मंडळी आवारात उभी होती. आता वजनाची गरज नव्हती, आता तिला काही लागणार नव्हतं. वेलायुधनलाही ते कळत होतं. पण पोन्नम्मा पुढे झाली, आत चढली आणि पाय आखडून तिच्या डोक्याशी बसली. मग एकेक करून सगळे चढले. वेलायुधन शेवटी चढला, मागच्या पायरीवर उभा राहिला. जीप दबली, पाटे सरळ झाले. कुंचेरियाने आरशात एकदा मागे बघितलं आणि गाडी सुरू केली. वाटभर एक हिसका बसला नाही. आनप्पाराला सगळे उतरले, टोप्या काढून बाजूला उभे राहिले, आणि खालून चढताना कुंचेरियाने ती पायरी इतकी हळू घेतली की चाक दगडावर चढलेलं डोळ्यांना दिसलं, कानाला ऐकू आलं नाही.

ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासांत कोइम्बतूरहून मऊ कमानी आल्या. तेल लावून कागदात गुंडाळलेल्या. वेलायुधनने त्या पुन्हा खोक्यात ठेवल्या. त्याने निरोप धाडला. कुंचेरिया आला तेव्हा त्याने खोकं पायाने पुढे सरकवलं. "आल्या चेट्टा. बसवू?"

कुंचेरियाने वाकून एका पातळ पाट्यावर अंगठा फिरवला. "चांगलं काम केलंय," तो म्हणाला. "पण आता नको. लोक बसतात मागे. त्यांना कडकच बऱ्या."

खोकं भट्टीमागच्या खोलीत गेलं. ते अजून तिथेच आहे.

कुंचेरिया पुन्हा हॉर्न वाजवून गाडी भरायला लागला. लोकांनाही हळूहळू आपापली कामं सुचली, आणि डांबरी रस्त्याच्या टोकापर्यंत बस येऊ लागली, लोक तिथवर चालत जायला लागले, तशी गर्दी कमी झाली. पुढच्या पावसाळ्याआधी एका सकाळी तो ग्रीस भरायला आला. वेलायुधनने ग्रीस भरलं. पोन्नम्माकडून कोरा चहा आला, तो दोघांनी उभ्यानेच प्यायला. फाट्यावर कुणी नव्हतं. दोन दिवसांनी कुंचेरिया मिरीच्या वेलांत मरून पडलेला सापडला. पण ते त्या सकाळी कुणाला ठाऊक असणार?

"खाली चाललायस चेट्टा?" वेलायुधनने हात पुसत विचारलं.

"हो. येतोस?"

"भट्टी पेटवलीय. नंतर कधीतरी."

"बरं," कुंचेरिया म्हणाला. त्याने एकदा हॉर्न वाजवला, थोडं थांबला. "मग रिकामाच जातो."