बुलेटला लावलेलं तूप

आज थंडीने तूप थिजलं, म्हणून डबा भाताच्या टोपाच्या झाकणावर ठेवला. वास सुटला आणि मी एकटाच मोठ्याने हसलो. सुमन, माझी बायको, गेल्यापासून या घरात कोणी असं हसलं नव्हतं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी जुनी बुलेट घेतली. सुमनला चारकोपहून मुलुंडला, माहेरी, बहिणींच्या आधी बुलेटवरून पोचायचं होतं. निघताना चेन कुरकुरली. ग्रीस थंडीने दगड झालेलं.

"द्या इकडे, तुपासारखं वितळवते," म्हणत तिने ग्रीसचा डबा भाताच्या टोपाच्या झाकणावर, तुपाच्या डब्याशेजारी ठेवला. दोन्ही डबे सारखे, आतला मालही पिवळाच. मी घाईत एक उचलला आणि त्यातलं चेनला चोपडलं.

मुलुंडपर्यंत कुत्री मागे!

"तुमची गाडी बघतायत हो!" ती पाठीत गुद्दा मारून हसत होती. सिग्नलला मी चेनला बोट लावून हुंगलं. कढवलेलं तूप!

"वाट लागली गं. परत जाऊ, ग्रीस लावतो."

"काही नको. चला!"

बहिणींच्या आधी पोचलो.

शेवटच्या आजारपणात ती म्हणाली, "तुम्ही तुपाचा डबा उचललात ते मी बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस, बये?"

"तुम्ही चेन पुसत बसला असता. ताई आधी पोचली असती ना!"

आज भातावर चांगलं चार चमचे तूप ओतलं. बुलेटने पावशेर खाल्लं होतं.