श्रावणात पाहिलेलं जंगल

सागाचं जंगल मी श्रावणात पाहिलं, आणि दमेकरी बायकोला घेऊन तिथे राहायला गेलो ते होळीच्या तोंडावर. मूर्खपणा एवढाच. बाकी सगळा त्याचा विस्तार.

आम्ही कुकटपल्लीत राहत होतो. शेजारच्या मोकळ्या जागेवर टॉवरचं काम निघालं आणि खडक फोडणारी यंत्रं आली. हैदराबादेत घर बांधायचं म्हणजे आधी खडकाशी भांडायचं, आणि हे भांडण सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमच्या खिडकीखाली चालायचं. खिडक्या बंद ठेवल्या तरी जेवणाच्या टेबलावर धुळीचा असा थर बसायचा, की लेक त्यावर बोटाने फुली-गोळा खेळायची.

बायको मूळची पुण्याची. दमा तिला लहानपणी होता, मग गेला, आणि कुकटपल्लीत पत्ता शोधत परत आला. ती उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायला लागली. बोलता बोलता वाक्याच्या मध्येच थांबायची, श्वास गोळा करायची. तेवढ्यात मी तिचं वाक्य पुरं करायचो. बहुतेक वेळा चुकीचं. मग तिला श्वास गोळा झाल्यावर आधी माझं वाक्य खोडावं लागे, आणि त्यात तो श्वास खर्ची पडे.

डॉक्टर म्हणाले, "औषध मी देतो. पण ही धूळ तुम्हीच सोडायला हवी, ती काही तुम्हाला सोडणार नाही."

दोघांच्याही कंपन्या घरून काम करू देत होत्या. मी जाहीर केलं, की झाडीतलं एखादं लहान गाव गाठायचं आणि तिथेच संसार मांडायचा. गाव शोधायची जबाबदारीही मीच घेतली. बायको साधी कोथिंबीर घेते तेव्हा जुडी उलटून देठ बघते. मी फोनवरच्या नकाशात जिथे जास्त हिरवं दिसलं तिथे बोट ठेवलं. ते बोट आदिलाबादकडच्या एका गावावर पडलं. चारी बाजूंनी सागाचं जंगल, गावात मराठी चालते, शाळा आहे, फोनला रेंज आहे. आणखी काय पाहिजे?

आई हैदराबादेतच नल्लकुंट्यात, माडीवरच्या तिच्या दोन खोल्यांत हट्टाने एकटी राहते. तिला सांगितलं तर म्हणाली, "तुझ्या आजोबानं गाव सोडून हैदराबाद धरलं, ते काय पागल होते?"

आजोबांचा मुद्दा मी सोडून दिला आणि एकटाच गाव बघायला गेलो.

श्रावण होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाची ताटाएवढी पानं, त्यांवरून पाणी ठिबकतंय, ओल्या मातीवर कुठे पाय ठेवावा तर पाऊल बुडतंय. मी गाडीतून उतरून नुसता श्वासच घेत राहिलो. आपल्यासाठी नाही, तिच्यासाठी घेतोय अशा थाटात. घरमालक निवृत्त मास्तर होते. पुढच्या घरात ते आणि त्यांची पत्नी राहत, मागचं भाड्याने द्यायचं होतं. ओसरीवर चहा देताना त्यांनी विचारलं, "तुमी कुठले, सायेब?"

इथे खरं तर 'हैदराबादचा' म्हणून मोकळं व्हायचं. पण आमच्यासारख्या शहरात मुरलेल्या शेतकऱ्यांच्या नातवांना एक खोड असते. कोणी 'कुठले' म्हणून विचारलं, की आम्ही पत्ता सांगत नाही, सातबारा सांगतो. "नांदेडकडचे," मी म्हणालो. "शेतकरीच आम्ही. माती, झाडं, ऋतू, सगळं रक्तातच आहे." आमचं शेत मी आयुष्यात दोनदा पाहिलं आहे, त्यातल्या एका वेळी गाडीची काच वर करून.

मास्तरांना फार आनंद झाला. त्यानंतर ते माझ्याशी शेतकऱ्यासारखे बोलायला लागले, म्हणजे काहीच समजावून सांगेनात. शेतकरी शेतकऱ्याला काय समजावणार? त्यांनी सागाचं कोवळं पान चुरगाळून दाखवलं, बोटं लाल झाली. मी नेहमीचंच असल्यासारखी मान हलवली.

संध्याकाळी तिथूनच बायकोला फोन केला. जंगलाचे व्हिडिओ आधीच पाठवले होते. ती म्हणाली, "छान आहे रे. पण उन्हाळ्यात कसं असतं तिथे? धूळ, धूर?"

"जंगलात कसला आलाय धूर!"

"तू विचारलंस का त्यांना?"

"विचारलं ना."

मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर रक्तातली माती उघडी पडली असती. शिवाय जे जंगल डोळ्यांसमोर ठिबकतंय त्याला उन्हाळा असेल, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. खोटं बोललो असं त्या वेळी वाटलंही नाही. तिचं वाक्य पुरं करायचो, तसंच मास्तरांचंही एक पुरं करून टाकलं, इतकंच.

लगेच जाणं झालं नाही. कधी तिच्या कंपनीची परवानगी, कधी फ्लॅटचा करार. मग माघात तिला असा ॲटॅक आला की दवाखान्यात ठेवावं लागलं. ऑक्सिजनची नळी लावलेली असताना ती माझ्याकडे बघायची आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचो. घरी आल्यावर ती म्हणाली, "चल. कुठेही चल." करार मोडला, फ्लॅट सोडला, सामान ट्रकवर चढवलं. लेकीने परीक्षेपुरतं हैदराबादला यायचं ठरलं.

गाव जवळ आलं तसं मला वाटलं आपण रस्ता चुकलो. दोन्ही बाजूंना नुसते खांब. करडे, उघडे, एकावर पान नाही. खाली मात्र पानांचा गुडघाभर खच, पापडासारखा वाळलेला.

लेक मागून म्हणाली, "पप्पा, हे सगळे ट्रीज डेड आहेत का?"

"झोपलेत, बाळा."

"झोपले नाहीत, डेसिड्युअस आहेत. आमच्या ईव्हीएसच्या बुकमध्ये आहे. समरमध्ये लीव्ह्ज शेड करतात." ती चौथीत होती.

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीबाहेरच बघत राहिली.

तरी पहिले काही दिवस चांगले गेले, आणि तेच आठवायला आता अवघड जातं. हवा खरोखर स्वच्छ होती. सकाळी ती गल्लीच्या टोकापर्यंत न थांबता चालत गेली. टोकाशी वळून तिने हात हलवला. एकदा तर पूर्ण वाक्य बोलली, माझ्याबद्दल होतं आणि चांगलं लांबलचक होतं. मला मध्ये तोंड घालायला जागाच मिळाली नाही, इतकं बरं वाटलं! मी हैदराबादच्या मित्रांना फोन करून करून माझी निवड ऐकवली.

मग एका सकाळी डोंगराच्या अंगाला धुराची बारीक रेघ दिसली. दुसऱ्या दिवशी चार-पाच. मोहाची फुलं पडायला लागली होती. ती वेचताना पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून लोक झाडाखाली जाळ करून जमीन साफ करतात. वेचणाऱ्यांचं वर्षाचं पोट त्यावर असतं, त्यांना कोण काय म्हणणार? पण पाचोळा गुडघाभर होता आणि जाळ काही आपल्या झाडापुरता थांबत नव्हता. दिवसभर धूर वर जायचा आणि उन्हं कलली की गावात उतरून बसायचा.

बायकोने खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले. अगदी कुकटपल्लीसारखे.

एके दिवशी दुपार उतरताना तिचा श्वास अडकला. इनहेलर झाला, उपयोग नाही. मी औषधाची वाफ देणारं यंत्र लावलं, तोंडावर मास्क धरला, बटण दाबलं, आणि वीज गेली. मी ते बटण पुनःपुन्हा दाबत राहिलो. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली होती, ओठांचा रंग बदलत होता, आणि मी, दोन पदव्या घेतलेला माणूस, वीज नसलेल्या यंत्राचं बटण दाबत होतो. पुढच्या घरी लेक पळाली. तिनेच ओरडून मास्तरांना बोलावलं. त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता. मी आणि मास्तरांनी बायकोला दोन्हीकडून धरून त्यांच्या घरी नेलं. मास्कमधून वाफ यायला लागली तरी कितीतरी वेळ तिच्या छातीतली शिट्टी थांबेना. लेक दाराला पाठ लावून उभी होती. रडत नव्हती. आईच्या छातीकडे टक लावून पाहत होती.

श्वास जरा मोकळा झाल्यावर मास्तरांच्या पत्नीने तिला कोमट पाणी दिलं. बायकोने मास्क बाजूला केला आणि मास्तरांना विचारलं, "दरवर्षी असंच असतं का?"

"होळीपासून मिरगापर्यंत असंच. सागाले फागुनात पान राह्यते कुठं? आन् मोहाखाली जाळ तर होतेच." मग माझ्याकडे बघून सहज म्हणाले, "सायबाले तर ठाऊकच असन. शेतकरी माणूस."

"यांनी तुम्हाला विचारलं होतं ना? श्रावणात आले होते तेव्हा?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. मी त्यांच्या मागे उभा राहून डोळ्यांनी विनवत होतो, पण निवृत्त मास्तराला डोळ्यांची भाषा कळत नाही. "नाई बा. तसं काई ईचारलं नाई."

बायकोने मास्क पुन्हा तोंडाला लावला. मला वाटलं, श्वास आला की बोलेल. श्वास आल्यावर तिने लेकीला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही हैदराबादला निघालो. फ्लॅट गेलेला, म्हणून थेट नल्लकुंट्यात, आईच्या दोन खोल्यांत. सामान जंगलात राहिलं. आईने दारातून आमच्याकडे पाहिलं, एक शब्द काढला नाही, आणि आपला पलंग सुनेला दिला. इतक्या वर्षांत आई गप्प बसलेली मी तेव्हाच पाहिली. मला तिच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं.

नल्लकुंट्याची हवा काही डोंगरावरची नाही. गल्लीत रिक्षांचा धूर, खाली मिरची कांडायची गिरणी. डॉक्टर म्हणाले, हे तात्पुरतं ठीक आहे, पण पुन्हा धूळधूर सुरू व्हायच्या आत कुठेतरी हलाच. म्हणजे प्रश्न तिथेच होता, फक्त आता मला कोणी विचारत नव्हतं. जेवायला वाढलंय, लेकीला आण, गोळ्या संपल्यात. बायको माझ्याशी एवढंच बोलायची. एकदा मी फार गयावया केली तेव्हा म्हणाली, "धुराला इनहेलर आहे. तू फोनवर 'विचारलं ना' म्हणालास, त्यावर काय घेऊ ते सांग."

मी गोळ्या आणायला खाली उतरलो.

पुढचं गाव तिने स्वतः शोधलं. तिच्या ऑफिसातल्या एका बाईचं माहेर कर्नाटकात, घाटावर. बारमाही हिरवी झाडी, लहानसं गाव. बायको रोज तिला फोन करायची आणि जुडी उलटून बघायची. धूर कधी असतो, वीज किती जाते, दवाखान्यात रात्री डॉक्टर असतो का. मी दाराशी बसून लेकीचं मराठी वाचन घेत असल्याचं दाखवायचो आणि कान तिकडे लावायचो. लेक अक्षर अक्षर जोडत अडखळायची, तेही मला ऐकू यायचं नाही.

परवा संध्याकाळी तशीच बसलो होतो. आई गवारीच्या शेंगा मोडत होती. बायको फोनवर त्या गावातल्या घराचा फोटो मोठा करून बघत होती. कौलारू घर, मागे दाट झाडी, भिंतीवर हिरवट छटा. बघता बघता ती म्हणाली, "पावसाळ्यात भिंतींना ओल येत असेल का रे? बुरशी धरली तर मला तेही चालायचं नाही."

तो 'रे' माझ्यासाठी होता. गावावरून आल्यापासून तिने मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. लेक वाचता वाचता थांबली. मी 'ठाऊक नाही' असं म्हणणार होतो. शपथेवर सांगतो, तेच म्हणणार होतो, नुसता श्वास घेत होतो. आईने शेंगांवरून नजरही वर केली नाही.

"त्याला कायकू विचारतीस गं बाई? शाळंत असल्यापासून सवाल न वाचता जवाब देतो हा. आणि तो बी गलत."