गोचीडवाले डॉक्टर

किस्से गोळा करावे लागत नाहीत. रानातून फिरून आलं की गोचिडी जशा अंगावर चढलेल्या असतात, तसे ते आपोआप चढतात. आपल्याला कळतं ते खाजवायला लागल्यावर.

माझी अडचण एवढीच की, यातलं काय खरंच घडलं आणि काय आम्ही नंतर सांगून सांगून घडवलं, याची मला खात्री नाही. म्हणून लिहायला बसण्याआधी कांबळे सिस्टरांना फोन केला. त्या आमच्या युनिटच्या नर्स. आता त्याही निवृत्त. म्हणाल्या, "सर, तुम्ही खात्री करत बसलात तर हे तुमच्या तेराव्याला छापून येईल. लिहून टाका."

लिहितो.

*

सत्तरच्या दशकाचा शेवट. मुळशीत, पौडच्या पुढे, भाड्याच्या दोन खोल्यांत आमचं युनिट होतं. मी डॉक्टर, कांबळे सिस्टर आणि जीपचा ड्रायव्हर दगडू, एवढाच संसार. डास, पिसवा, गोचिडी यांच्यामुळे होणारे जे ताप मोठ्या इस्पितळात कुणी ढुंकून बघत नाही, ते शोधायचे आणि बरे करायचे, हे आमचं काम. दारावर पाटी होती : 'कीटकजन्य रोग संशोधन'.

या पाटीनं माझी झोप घालवली. गोचीड हा कीटक नाही. कीटकाला सहा पाय असतात, गोचिडीला आठ. शास्त्राच्या दृष्टीनं ती कोळ्याची नातेवाईक. उद्या कुणी जाणकार आला आणि पाटी वाचून हसला तर? मी पाटी बदलण्याची परवानगी मागितली. वरून उत्तर आलं नाही. मी पुन्हा मागितली. तिसऱ्यांदा मजकूर तयार करत होतो, तेव्हा जीप पुसता पुसता दगडू म्हणाला, "सर, चावताना तिचे पाय कोण मोजतंय?"

पाटी तशीच राहिली.

*

रानातून आलं की प्रत्येकानं आपलं अंग तपासायचं, हा आमचा नियम. तो मीच केलेला, आणि पाळणाराही मुख्यतः मीच.

एकदा पाठीवर, अगदी कमरेपाशी, बोटाला काहीतरी लागलं. लहान, काळं, वर आलेलं. आरशात तिरका होऊन पाहिलं. गोचीड चिकटलेली होती! मी थर्मामीटर लावला. ताप नव्हता, पण तो यायला काही दिवस लागतात हे मला माहीत होतं. डोकं दुखायला लागलंच होतं. घरी बायकोला काय कळवायचं याची वाक्यं मनात जुळवली आणि चिमटा घेऊन सिस्टरांकडे गेलो. ओढताना तोंड आत तुटून राहू देऊ नका, असं तीनदा बजावलं.

सिस्टरांनी स्पिरिटचा बोळा फिरवला. भिंग लावून पाहिलं. मग चिमटा ट्रेमध्ये ठेवून दिला.

"सर, ही निघायची नाही."

"का?"

"हा तीळ आहे. तुमच्याबरोबरच जन्माला आलाय."

*

डास पकडायची आमची तऱ्हा वेगळी होती. काचेची नळी घ्यायची, तिला रबराची नळी जोडायची, मध्ये बारीक जाळीचा तुकडा बसवायचा. काचेचं टोक गोठ्याच्या भिंतीवरल्या डासापाशी न्यायचं आणि रबराचं टोक तोंडात धरून हलकेच ओढायचं. डास काचेत येतो आणि जाळीमुळे तिथंच अडकतो.

जाळी शाबूत असेल तर.

उरवड्याच्या एका गोठ्यात मी डास ओढत होतो. घरधनी दारात उकिडवा बसून बघत होता. मी ओढायचो, नळी डोळ्यांसमोर धरायचो, नळी रिकामी. पुन्हा ओढायचो, पुन्हा रिकामी. घशात खवखवायला लागलं तेव्हा मला जाळीची शंका आली. मी खोकत बाहेर आलो. घरधन्यानं कळवळून विचारलं, "डाक्तर, च्या टाकू का? निसतं डास खाऊन प्वाट भरायचं न्हाई."

त्या गावात मी पुढं अनेकांचे ताप बरे केले असतील. ओळख राहिली ती डास खाणारा डॉक्टर हीच.

*

आता गोचिडी. गवताच्या शेंड्यावर गोचीड पाय पसरून बसलेली असते, जाणाऱ्या-येणाऱ्या जनावराची वाट पाहत. म्हणून पांढरं कापड घ्यायचं, दोन टोकं दोघांनी धरायची आणि गवतावरून सावकाश ओढत न्यायचं. गोचीड कापडालाच जनावर समजून चिकटते. थोडं गेलं की थांबायचं, गुडघ्यावर बसायचं, भिंगातून बघायचं आणि चिमट्यानं उचलून बाटलीत टाकायचं.

हे सगळं आम्ही धरणाच्या तळ्याच्या वरच्या अंगाला, एका वाडीच्या कुरणात करत होतो. पँट मोज्यांत खोचलेली. आम्हाला ते शास्त्र वाटत होतं. बांधावर उभ्या असलेल्या माणसांना काय दिसत होतं? शहरातली माणसं कापड ताणून जमीन मोजतायत आणि मधूनच बसून मातीतलं काहीतरी बाटलीत भरतायत.

एकानं विचारलं, "मोजणी करताय जनू?"

मी घाईघाईनं त्याच्याकडे गेलो. म्हणालो, नाही नाही, आम्हाला तुमची जमीन अजिबात नको. तिच्यावर काय काय आहे, एवढंच बघायचंय.

बांधावरची माणसं एकमेकांकडे बघून निघून गेली. जीपमध्ये बसल्यावर दगडू म्हणाला, "सर, मोजणीवाले पण पहिल्या दिवशी हेच बोलतात. त्यातून तुम्ही चालता असं दबकत, की बघणाऱ्याला वाटावं जमीन खिशात घालून न्यायला आलाय."

त्या दिवसापासून वाडीची दारं आम्हाला बंद झाली. सिस्टरांनाही कुणी बसा म्हणेना.

*

आणि त्याच वाडीत महादू आजारी पडला.

महादू हा ठकूबाई नावाच्या म्हातारीचा एकुलता एक मुलगा. घरातला कमावता तोच. त्याच्या बायकोनं पाणवठ्यावर हळूच सिस्टरांना सांगितलं की ताप उतरत नाही, माणूस बरळतोय, आणि हातापायांच्या तळव्यांवर लाल ठिपके आलेत. तळव्यांवर ठिपके म्हटल्यावर सिस्टर धावत युनिटवर आल्या. लक्षणं गोचीडतापाची होती. औषध आमच्या कपाटात होतं, साधी कॅप्सूल. रक्ताच्या तपासणीची वाट बघत बसलो असतो तर माणूस हातचा गेला असता.

जीपमध्ये दोघांनी माझी तयारी करून घेतली. सिस्टर म्हणाल्या, "सर, आज 'असावा', 'वाटतं', 'शक्यता आहे' असलं काही बोलायचं नाही. पक्का बरा होईल म्हणायचं. ती माणसं आधीच बिथरलीत." दगडूनं ते वाक्य माझ्याकडून वळणावळणाला म्हणवून घेतलं. युनिटपासून वाडीपर्यंत वळणं पुष्कळ.

ठकूबाई दारातच बसली होती. मागं कवाड लावलेलं. भोवती वाडीतले चार पुरुष उभे. म्हातारीनं माझ्याकडे वर पाहून विचारलं, "जगंल का त्यो?"

मी श्वास घेतला. म्हणालो, "आजी, हा ताप गोचिडीचा असावा. तसा असेल तर या औषधानं उतरतो. उशीर झालाय, पण बरा होईल." इथं थांबायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालंच, "बहुतेक."

सिस्टरांनी डोळे मिटले. दगडू जीपकडे वळला.

ठकूबाईनं मला एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग मागं न बघताच सुनेला म्हणाली, "कवाड उघड गं."

एक पुरुष पुढं झाला. "मावशे, मोजणीवालं हायेत त्ये."

"न्हाईत," म्हातारी म्हणाली. "धरनाच्या टायमाला माझ्या म्हायेरी सायब आला हुता. म्हनला, तुमच्या उंबऱ्याला पानी लागनार न्हाई, पक्कं. तितं आता होडी चालतिया. ह्यो बहुतेक म्हनतोय. सरकारी मानूस असा बोलत न्हाई. येऊ दे त्याला आत."

मी सरकारी माणूसच होतो. ते सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात सिस्टरांनी मला कोपरानं आत ढकललं.

महादूनं कॅप्सूल घेतल्या. दोन-तीन दिवसांत ताप उतरला, ठिपके विरले. आम्ही रोज जात होतो. एके सकाळी गेलो तर तो अंगणात बसून भाकरी खात होता. मी त्याची नाडी पाहिली, जीभ पाहिली, तळवे उलटसुलट करून पाहिले. शंकेला कुठं जागाच नव्हती. मला इतका आनंद झाला की आयुष्यात पहिल्यांदा मी छाती पुढं काढून, ठासून म्हणालो, "आजी, मुलगा बरा झाला. आता काही काळजी नको. पक्कं!"

ठकूबाईचा चेहरा उतरला. तिनं महादूला दंडाला धरून उठवलं, अर्ध्या भाकरीसकट आत नेलं आणि आतून कडी लावून घेतली.